वाचकांचे प्रश्न : अरुंद कपाटात पाण्याची स्वयंचलित भरपाई

प्रश्न : माझ्याकडे 90 × 45 × 45 सेंटिमीटरचे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आहे. खालच्या कपाटात 60 × 35 × 35 सेंटिमीटरचा संप (मुख्य टाकीला जोडलेली गाळणीची खालची टाकी), स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र) आणि विजेचा बोर्ड एवढ्यानेच जागा भरली आहे. उन्हाळ्यात रोज साधारण दोन लिटर पाणी उडते आणि ते हाताने भरावे लागते. उडालेले पाणी आपोआप भरणारी ऑटो टॉप-ऑफ यंत्रणा घ्यायचे ठरवले आहे, पण संपाच्या बाजूला जेमतेम 20 सेंटिमीटर जागा उरते. त्यापेक्षा कपाटाच्या वरच्या फळीवर 20 लिटरचा कॅन ठेवला तर चालेल का? पुढे प्रवाळांना कॅल्शियम मिळावे म्हणून त्याच पाण्यातून चुन्याची निवळी देण्याचाही विचार आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : वरच्या फळीवर कॅन ठेवू नका. साठ्यातील पाण्याची पातळी नळीच्या तोंडापेक्षा उंच असेल, तर पंप एकदा सुरू होऊन थांबल्यावरही सायफनमुळे पाणी वाहतच राहते आणि सेन्सरने पंप बंद केला तरी कॅन रिकामा होईपर्यंत ते थांबत नाही. अरुंद कपाटात यंत्रणा बसवताना आधी या उंचीचा हिशेब करावा, जागेचा प्रश्न त्यानंतरचा आहे. साठ्याची टाकी संपाशेजारी त्याच तळावर ठेवा, नळी संपाच्या काठाला चिमट्याने पक्की करा आणि तिचे तोंड साठ्यातील सर्वांत उंच पातळीच्याही वर, हवेत राहील असे पाहा. तोंड संपाच्या पाण्यात बुडालेले असले, तर उलटा सायफन लागून खारे पाणी साठ्यात येण्याचा धोका राहतो.

तुमच्या 20 सेंटिमीटरच्या फटीत आतून 15 सेंटिमीटर रुंद, 35 सेंटिमीटर खोल आणि 30 सेंटिमीटर उंच अशी काचेची किंवा ॲक्रिलिकची टाकी करून घेता येईल. ती 20 सेंटिमीटरपर्यंत भरली की साडेदहा लिटर पाणी मावते, म्हणजे भर उन्हाळ्यातही पाच दिवसांची सोय होते. तळापासून 30 सेंटिमीटरवर नळीचे तोंड ठेवले, तर सायफनचा प्रश्न उरत नाही. टाकीवर सैल झाकण ठेवा, आणि ती भरण्यासाठी बाहेर ओढावी लागणार नाही, वरूनच नळीने किंवा नरसाळ्याने भरता येईल, एवढी मोकळीक आधीच राखा. स्किमरचा कप उचलायला लागणारी जागाही त्याच वेळी मोजून घ्यावी.

साठा मोठा असावा असे सर्वांनाच वाटते, परंतु लहान साठा हेच तुमचे खरे संरक्षण आहे. वीज गेली की वरच्या टाकीतून आणि पाइपांतून काही पाणी संपात उतरते. ते किती उतरते हे पंप बंद करून प्रत्यक्ष मोजा. येथे हिशेबासाठी 15 लिटर धरू. संपात पाणी 20 सेंटिमीटर असेल, तर वर 15 सेंटिमीटर मोकळे राहतात, म्हणजे सुमारे 31 लिटर. संपाचे कप्पे पाडणाऱ्या मधल्या काचांमुळे पहिल्या कप्प्यांत पाणी जास्त उंच असते, म्हणून 28 लिटरच धरणे शहाणपणाचे. सेन्सर बिघडून सगळा साठा संपात ओतला गेला आणि त्यानंतर वीज गेली, तर साडेदहा आणि 15 मिळून साडेपंचवीस लिटर होतात व ते संपात मावतात. 20 लिटरचा कॅन असेल, तर 35 लिटर होतात आणि उरलेले पाणी फरशीवर येते. क्षारतेचेही तसेच आहे. वाळू आणि दगड वजा जाता तुमच्याकडे एकूण 190 लिटर पाणी आहे असे धरले, तर साडेदहा लिटर गोडे पाणी एकदम मिसळल्यावर 35 पीपीटीची (हजार भाग पाण्यात 35 भाग क्षार) क्षारता 33च्या आसपास येते. 20 लिटरने ती 32च्या खाली जाते आणि प्रवाळांना तो धक्का चांगलाच जाणवतो.

सेन्सर नेहमी रिटर्न पंपाच्या, म्हणजे संपातील पाणी वरच्या टाकीत परत पाठवणाऱ्या पंपाच्या कप्प्यातच बसवावा. वरच्या टाकीतील आणि स्किमरच्या कप्प्यातील पातळी काठामुळे व काचांमुळे स्थिर राहते, त्यामुळे सगळी घट याच एका कप्प्यात दिसते. हा कप्पा 20 × 35 सेंटिमीटरचा असेल, तर दोन लिटर पाणी उडाल्यावर तेथे जवळजवळ तीन सेंटिमीटर फरक पडतो, तर वरच्या टाकीच्या क्षेत्रफळावर तेवढ्याच पाण्याने जेमतेम अर्धा सेंटिमीटर फरक पडला असता. बुडबुडे आणि शिंतोडे यांपासून दूर असा कोपरा निवडा. तरंगता स्विच स्वस्त असतो, पण गोगलगाय चढून बसली किंवा क्षार साचले की तो अडकतो. ऑप्टिकल सेन्सरवर शेवाळ धरते. कोणताही घेतला, तरी वरच्या पातळीवर दुसरा सुरक्षा-सेन्सर असलेला आणि पंप ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद करणारा नियंत्रक घ्या, यावर पैसे वाचवू नका. पंप मिनिटाला एक लिटर देत असेल, तर दिवसाला दोन मिनिटे पुरतात, म्हणून एका वेळची मर्यादा तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवण्याचे कारण नाही. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही : गाळणीची पिशवी किंवा स्पंज तुंबला की रिटर्नच्या कप्प्यातील पातळी खाली जाते, सेन्सर ते बाष्पीभवन समजतो आणि गरज नसताना गोडे पाणी घालतो. म्हणून गाळणी नेमाने धुवा आणि दर आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता तपासा.

विजेचा बोर्ड संपाच्या वर कधीही असू नये. तो बाजूच्या भिंतीला उंचावर लावा, किंवा शक्य असल्यास कपाटाबाहेर काढा, कारण बंद कपाटातील खारट दमट हवेने ॲडॉप्टर लवकर खराब होतात. प्रत्येक तारेला बोर्डाच्या खाली जाणारा झोल द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न पोहोचता खाली टपकेल. घराच्या त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असल्याची खात्री करून घ्यावी.

पाणी आरओ-डीआयचेच (आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकलेले), टीडीएस म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम शून्य दाखवणारे वापरा. घरच्या पिण्याच्या फिल्टरमध्ये चवीसाठी क्षार राखलेले असतात. पाणी उडते, पण क्षार मागेच राहतात : 100 टीडीएसचे पाणी रोज दोन लिटर याप्रमाणे वर्षभर घातले, तर 73 ग्रॅम नको असलेले क्षार मत्स्यालयात साचतात.

चुन्याच्या निवळीचा बेत सध्या पुढे ढकला. संपृक्त निवळीचा पीएच 12.4च्या आसपास असतो, आणि ज्या बिघाडात साधे पाणी केवळ क्षारता उतरवते, त्याच बिघाडात निवळी मासे आणि प्रवाळ दोन्ही मारू शकते. यंत्रणा एक उन्हाळा आणि एक पावसाळा बिनतक्रार चालली, पावसाळ्यात बाष्पीभवन किती कमी होते हे तुम्ही पाहिले, की मग शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणून सुरुवात करा. पानाला लावायचा चुना वापरू नका.

प्रश्न : पंप आणि सेन्सर यांऐवजी डेझर्ट कूलरचा फ्लोट व्हॉल्व्ह संपात बसवला तर काम होईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : होईल, पण व्हॉल्व्ह संपूर्ण प्लास्टिकचा हवा. पितळेत तांबे असते, आणि ते कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ यांना फार थोड्या प्रमाणातही घातक ठरते. या पद्धतीत साठा संपापेक्षा उंचावर लागतो, म्हणजे वर दिलेला सायफनचा इशारा येथे अधिकच लागू पडतो : व्हॉल्व्ह एकदा अडकला की थांबवणारे दुसरे काही नसते. म्हणून तो गच्चीवरच्या टाकीच्या लाइनला थेट जोडू नका. पाच-सात लिटरचा वेगळा डबा जोडा, आणि व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून स्वच्छ करा.