दादाला राइट फील्डलाच ठेवू का?

ताई,
आमचा स्लो-पिच सॉफ्टबॉलचा हौशी संघ आहे आणि यंदापासून मी कॅप्टन झालोय. माझा मोठा भाऊ याच संघात खेळतो. बॉल कसा धरायचा इथपासून सगळं मला त्यानेच शिकवलं. दहा-बारा वर्षं तोच कॅप्टन होता, शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा) खेळायचा. आता तो ४८ वर्षांचा आहे. गुडघे कुरकुरतात, थ्रो पूर्वीसारखा जात नाही आणि गेल्या वर्षापासून उंच कॅच सुटायला लागलेत. ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा बॉल, अंगावर आला तर अजून नीट उचलतो, बॅटिंगही ठीक आहे. मी काही न बोलता त्याला राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या उजव्या बाजूला हलवलं, कारण तिकडे बॉल कमी जातो असं सगळेच म्हणतात. मागच्या मॅचला शेवटच्या इनिंगमध्ये नेमके दोन कॅच तिकडेच उडाले, दोन्ही सुटले आणि आम्ही हरलो. पोरांनी दादाला वगळून वेगळा ग्रुप काढलाय. त्यात मीही आहे. तिथे जे चालतं ते त्याच्यासमोर फोन उघडून वाचायची मला लाज वाटते. तो स्वतः एक अक्षर बोलत नाही. त्याला कळणार नाही आणि संघाचंही नुकसान होणार नाही, अशी जागा कुठली?
– धाकटा कॅप्टन

धाकटे कॅप्टन,

‘त्याला कळणार नाही’ हा भाग आधी निकालात काढू. दादांना कळलेलं आहे. ज्या माणसाने दहा-बारा वर्षं स्वतः लाइनअप लिहिली, त्याला शॉर्टस्टॉपवरून राइट फील्डला पाठवण्याचा अर्थ कुणी उलगडून सांगावा लागत नाही. त्यांनी स्वतः कितीजणांना तसं पाठवलं असेल! तुम्ही गप्प आहात ते त्यांना वाईट वाटू नये म्हणून, आणि माझा अंदाज असा की तेही तुमची पंचाईत होऊ नये म्हणूनच गप्प आहेत. दोन फील्डर ‘तू घे, तू घे’ करत उभे राहतात आणि बॉल मधोमध पडतो, तसं चाललंय तुमचं.

आता जागेचं. लिंबूटिंबूला कोपऱ्यात उभं करायची सवय आपल्याला लहानपणापासून असते आणि सॉफ्टबॉलमध्ये तो कोपरा म्हणजे राइट फील्ड. त्यामागचं कारण खोटं नाही. उजव्या हाताने खेळणारे बॅटर जास्त असतात आणि त्यांचा ओढून मारलेला बॉल लेफ्टकडे जातो. पण स्लो-पिचमध्ये बॉल वरून झोका घेत इतका आरामात येतो की जरा मुरलेला बॅटर कुठे मारायचं ते ठरवून मारतो. राइटला कोण उभं आहे हे समोरच्यांनी दोन इनिंगमध्ये हेरलं की ‘तिकडे बॉल कमी जातो’ हा हिशोब संपतो. शेवटच्या इनिंगमध्ये ‘नेमके’ तिकडेच उडाले, असं तुम्ही लिहिलंय. नेमके म्हणजे नेम धरूनच हो.

शिवाय राइट फील्डरचं काम बघा. इनफिल्डमध्ये (बेसच्या आसपासच्या भागात) ग्राउंडर उचलून कुणीही फर्स्टला थ्रो केला की फर्स्ट बेसच्या मागे बॅकअपला धावायचं, बॉल येवो न येवो. पहिल्या बेसवरचा रनर थेट तिसऱ्याकडे निघाला तर त्याला अडवायला सगळं मैदान ओलांडून थ्रो करायचा. उरलेल्या वेळात उंच कॅच. म्हणजे दादांचे गुडघे, त्यांचा हात आणि त्यांची नजर, तिन्ही दुखऱ्या बाजूंची परीक्षा घेणारी जागा तुम्ही शोधून काढलीत. रागावून म्हणत नाहीये. सगळेच असं करतात, कारण ‘कच्चा फील्डर’ म्हटलं की आपण पुढे ‘कशात कच्चा’ हे विचारतच नाही.

तुमच्या पत्रात त्याचं उत्तर जवळजवळ आहे. तरी पुढच्या सरावाला वही घेऊन बसा. दादांना दहा ग्राउंडर समोर, दहा डावी-उजवीकडे, दहा उंच, आणि फर्स्टकडे थ्रो वेगवेगळ्या अंतरांवरून. किती पकडले, किती सुटले, लिहून ठेवा. हे फक्त त्यांचंच करू नका, दहाच्या दहा जणांचं करा. त्या वेगळ्या ग्रुपवर सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्या एखाद्याचे आकडे बघून तुम्ही चकित व्हाल असं मला आतून वाटतंय.

माझं मत विचाराल तर त्यांना कॅचर करा, म्हणजे बॅटरच्या मागे उभं राहून पिचरने टाकलेला बॉल घेणारा.

फास्ट-पिचमध्ये मी हे चुकूनही म्हटलं नसतं. तिथे बेस चोरले जातात, तिसरा स्ट्राइक हातातून सुटला तर बॅटर पळत सुटतो, आणि कॅचर कच्चा म्हणजे संघाचा कणाच कच्चा. स्लो-पिचची गोष्ट वेगळी. बऱ्याच स्पर्धांत बेस चोरायला परवानगीच नसते (तुमच्या स्पर्धेचा नियम एकदा वाचून घ्या), त्यामुळे दर पिचनंतर कॅचरचं काम बॉल पिचरला परत देण्याएवढंच उरतं. ते अंतर ५० फूट, आणि घाई कसलीच नसते. बॉल होम प्लेटच्या (बॅटर जिथे उभा असतो ती जागा) मागे टप्पा घेऊन आला तरी बिघडत नाही, म्हणून उकिडवं बसायचीही गरज नाही, जरा मागे उभं राहिलं तरी चालतं. गुडघ्यांचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. धोका एकच, होम प्लेटवर येणारे थ्रो. त्यासाठी पिचरला सांगून ठेवा की आउटफील्डमधून बॉल यायला लागला की त्याने धावत येऊन प्लेट सांभाळायची आणि दादांनी त्याच्या मागे बॅकअपला राहायचं. कित्येक संघ असं करतात, त्यात कुणाला कमीपणा नाही.

आणि कॅचर हा मैदानावरचा असा एकच फील्डर आहे ज्याचं तोंड बाकी सगळ्यांकडे असतं. कुठला रनर किती पुढे आलाय, थ्रो दोनवर मारायचा की तीनवर, लेफ्ट फील्डर किती आत सरकलाय, हे तिथून दिसतं तसं दुसरीकडून दिसत नाही. बारा वर्षं शॉर्टस्टॉप आणि कॅप्टन राहिलेल्या माणसाचं डोकं तुम्ही राइट फील्डच्या कुंपणाजवळ ठेवलंत. तिथून ओरडलेलं कुणाला ऐकू जातं?

कॅचिंग त्यांना नकोच असेल तर दुसरी पसंती सेकंड बेस. शॉर्टस्टॉपचे पाय आणि अंदाज तिथे कामी येतात, आणि फर्स्टकडचा थ्रो छोटा असतो. बेस ६५ फुटांचे असतील तर तिसऱ्यावरून पहिल्यापर्यंत सुमारे ९२ फूट भरतात, सेकंडवाल्याला त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी फेकावं लागतं. डावी-उजवीकडचे बॉल मात्र सुटतील. त्यासाठी तुमचा दहावा, म्हणजे स्लो-पिचमध्ये मिळणारा जादा फील्डर त्यांच्या मागे, राइट-सेंटरच्या अलीकडे उभा करा. डोक्यावरून मागे जाणारा कॅच त्याचा, हे आधीच बोलून ठेवा.

फर्स्ट बेसला ठेवू नका. ‘तिथे पळायचं नसतं’ असं म्हणून लोक ठेवतात, पण इनफिल्डमधला जवळजवळ प्रत्येक आउट फर्स्टच्या ग्लोव्हमधून जातो. थर्ड बेस आणि पिचर तर नाहीच. परत येणारा फटका तिथे डोळे मिटायच्या आत पोचतो, आणि नजर मंदावलेल्या माणसाला तिथे उभं करणं म्हणजे मॅचपेक्षा मोठं काहीतरी पणाला लावणं.

तुमच्या स्पर्धेत एक्स्ट्रा प्लेअर चालत असेल तर आणखी सोपं. अकरा जण बॅटिंग करतात आणि त्यातले कुठलेही दहा फील्डिंगला जातात. अटीतटीच्या इनिंगला दादा बाहेर बसले तरी बॅटिंगचा क्रम हलत नाही. पण हे त्यांना आधी सांगून, त्यांच्या संमतीने. मैदानावर हात करून बाहेर बोलावलंत तर त्याच्यासारखा अपमान नाही.

सांगायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्र त्यासाठीच लिहिलंय. मॅचच्या दिवशी नको, संघासमोर तर मुळीच नको. दोघंच असाल तेव्हा सरळ बोला: “दादा, उंच कॅच तुझ्या हातून सुटतायत. तुला न विचारता राइटला टाकलं ही माझी चूक झाली. मला तू कॅचर म्हणून हवायस, मागून सगळ्यांना हलवायला.” आधी पाच मिनिटं इकडचं-तिकडचं बोलू नका, त्यांना सुरुवातीलाच कळेल. ते “मग मी बसतोच ना” म्हणाले तर लगेच ‘अरे नाही नाही’ करून विनवण्या करू नका आणि ‘बरं’ म्हणून मोकळेही होऊ नका. “आठवडाभर विचार कर, सरावाला मास्क घालून बघ,” एवढंच म्हणा. आणि मग खरोखर आठवडाभर थांबा.

त्या ग्रुपवर शेवटचा मेसेज तुमचा जाऊ दे: लाइनअप मी ठरवतो, चूक माझी होती, बोलायचं ते सरावाला तोंडावर बोला. मग बाहेर पडा. कॅप्टन बाहेर पडला की असले ग्रुप फार दिवस टिकत नाहीत. आणि टिकला तरी तुम्हाला फोन लपवावा लागणार नाही.

एक राहिलं. कॅच गेल्या वर्षापासूनच सुटायला लागले असं तुम्ही म्हणता. दादांनी त्याच सुमारास जवळचा आणि लांबचा नंबर एकत्र असलेला चष्मा घेतलाय का? तसल्या चष्म्यात कडेचं धूसर दिसतं, आणि वरून येणाऱ्या बॉलमागे मान वळवताना तो काचेच्या कुठल्या भागात सापडेल याचा नेम नसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून मैदानापुरता फक्त लांबच्या नंबरचा चष्मा करून घेता येतो. माझे स्वतःचे कॅच पंचेचाळिशीला असेच सुटायला लागले होते. मला कॅचर केलं तेव्हा मी दोन दिवस कॅप्टनशी बोलले नव्हते, आणि चष्म्याचं माझ्या डोक्यात आलं ते त्यानंतर वर्षभराने.

दादांना मास्क द्याल तेव्हा तो चष्म्यावर बसतो का, ते आधी घालून बघायला सांगा. आमच्या संघाचा बसत नव्हता, आणि मी दोन सीझन एका हाताने नाकावरचा चष्मा सावरत खेळलेय.

– तुमची ताई