स्पॅनिशचे शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी

पदवीच्या पहिल्याच वर्षी एवढे लक्षात घ्या की, स्पॅनिश येणे आणि शाळेत स्पॅनिश शिकवता येणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी शेवटच्या वर्षापर्यंत देले या स्पॅनिश प्रावीण्याच्या परीक्षेची बी-२ पातळी (सहांपैकी चौथी) गाठण्याचे ठरवा. हे प्रमाणपत्र इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही स्पेनची सरकारी संस्था देते आणि त्याची मुदत संपत नाही. बी.एड.ची चौकशीही आताच करा, कारण भाषेच्या नादात ती राहून जाते (माझी राहिली होती).

दुसऱ्या कामात आपली मराठी फार उपयोगी पडते. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ हे वाक्य इंग्रजीच्या आधाराने समजावू लागलात, तर मुले हमखास गोंधळतात. त्याऐवजी शेजारी ‘मला आंबे आवडतात’ असे लिहिले, की क्रियापद आंब्यांप्रमाणे का चालते हे निराळे सांगावे लागत नाही. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या ‘असणे’ अशा अर्थाच्या दोन क्रियापदांना मात्र असा आधार नाही, कारण दोन्हींसाठी आपल्याकडे ‘आहे’ एवढेच आहे. ‘एस आबुर्रिदो’ (‘सेर’चे रूप) म्हणजे तो कंटाळवाणा आहे आणि ‘एस्ता आबुर्रिदो’ (‘एस्तार’चे रूप) म्हणजे त्याला कंटाळा आला आहे. अशा जोड्यांची वही आजपासून ठेवा आणि आठवड्यातून एकदा ती एखाद्या सातवीतल्या मुलावर, फुकट का होईना, वापरून पाहा.