मॅडम, फोनवरून कसं कळणार?

समोरचं माणूस "मॅडम, एक विचारू?" म्हणालं की पुढचं वाक्य मला आता पाठ झालंय. "नुसतं व्हिडिओ कॉलवर बघून पोराला ऑटिझम आहे का नाही, ते कसं कळणार?" विचारणारे बहुतेकदा वडील असतात. आई शेजारी गप्प बसलेली असते.

आधी एक सांगते. मी समुपदेशक आहे, ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान मी करत नाही. ते विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. माझं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. पण तपासणीच्या कॉलवर मी असते, आणि तिथं जे दिसतं ते सांगण्यासारखं आहे.

सातारा जिल्ह्यातल्या दहिवडीकडचं एक घर. (तीन-चार घरांच्या गोष्टी इथं एकात मिसळल्यात, नावही बदललंय.) ओम सव्वादोन वर्षांचा. एक शब्द नाही. हाक मारली तर वळत नाही, पण पलीकडच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत येतो. त्यामुळे कान चांगले आहेत हे घरानं परस्पर ठरवून टाकलेलं. असं ठरवू नका हो. काही आवाज ऐकू येतात आणि काही नाही, असंही असतं. कानाची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर.

एकदा त्याला पुण्यात दाखवून झालं होतं. पहाटेची एसटी, मग तीन तास बाकावर. नंबर येईपर्यंत पोरगं टेबलाखाली शिरून किंचाळत होतं. दहा मिनिटांत "सहा महिन्यांनी या" ऐकून सगळे परत. त्या दहा मिनिटांत डॉक्टरांना ओम दिसला असेल का? दमलेलं, भेदरलेलं एक मूल दिसलं असेल.

आमचा पहिला कॉलही फसलाच, आणि चूक माझी होती. मी आईला म्हटलं, त्याला फोनसमोर बसवा. ओमसाठी फोन म्हणजे गाणी! त्यानं तो हिसकावला, आम्हाला वीस मिनिटं छताचा पंखा दिसला आणि मागे भोकाड ऐकू आलं. तेव्हापासून मी प्रत्येक घराला सांगते: फोन मुलाच्या हाती लागणार नाही असा ठेवा, पण उंची त्याच्या नजरेची हवी. कॉल झोप झाल्यावर, पोट भरल्यावर. खोलीत आई किंवा बाबा, आणखी एखादं माणूस, बस. काकू, आत्या, शेजारची मुलं आज नकोत.

दुसऱ्या वेळी फोन पिठाच्या डब्याला टेकवला, पुढं पाट आडवा लावला. आम्ही आमचे कॅमेरे बंद केले. आईच्या एका कानात इअरफोन. डॉक्टर हळू आवाजात सांगत होत्या आणि करत होती ती.

"साबणाचे फुगे सोडा. दोन-तीन. हां. आता झाकण घट्ट लावा. बाटली हातात धरून नुसतं थांबा. बोलू नका."

जत्रेत मिळते ती साधी बाटली. ओम फुग्यांवर खूश होता, उड्या मारत होता, बोटं डोळ्यांसमोर नाचवत होता. फुगे संपले. तो आईपाशी आला. बाटली ओढून पाहिली, झाकण निघेना. मग त्यानं आईचं मनगट धरलं, तिचा हात उचलून झाकणावर ठेवला आणि दाबला. पुन्हा दाबला. आई गुडघ्यांवर बसलेली, तिचा चेहरा त्याच्यापासून वीतभर लांब. त्यानं त्या चेहऱ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

कॉलच्या शेवटी डॉक्टरांनी स्वतःचं मत आधी सांगितलं नाही. आईला विचारलं, "तुम्हाला काय दिसलं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्यानं माझ्या हाताला सांगितलं, मॅडम. मला नाही सांगितलं."

वीस वर्षं हे काम करतेय. या एका लक्षणाचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या जाड पुस्तकात वाचलेलं नाही.

"रोज असंच करतो?"

"रोज. मला वाटायचं, हुशार आहे, न बोलता काम करून घेतो."

वर्ष-सव्वा वर्षाचं मूल चिमणी दिसली की बोट दाखवतं आणि लगेच वळून आपल्याकडं पाहतं. तुला दिसली ना? वस्तू, माणूस, परत वस्तू. माझ्या लेखी बोलणं तिथं सुरू होतं, शब्द मागून येतात. ते वळून पाहणं ओमकडं नव्हतं. दवाखान्यात ही उणीव कुणाला दिसली नसती, कारण तिथं तो कुणाकडं काही मागतच नव्हता.

आई गप्प का असते, तेही मला त्या दिवशी उमगलं. वडिलांची शंका असते की फोनवर दिसणार नाही. आईची भीती उलटी असते, की दिसेल.

आता वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. ही काही लॉकडाऊनमधली तात्पुरती सोय नव्हे. अमेरिकेत व्हॅंडरबिल्ट विद्यापीठातल्या मंडळींनी १४ ते ३६ महिन्यांच्या मुलांसाठी अशीच पद्धत बसवली: खेळवायचं पालकांनी, पाहायचं तज्ज्ञांनी. आपल्याकडं २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून रुग्ण पाहण्याची, अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं आली. पण एका बाटलीवरून कुणी निदान करत नाही. ओमच्या वेळी दोन कॉल झाले, जन्मापासूनची विचारपूस झाली, आणि घरच्यांनी आधीच काढलेले व्हिडिओ पाहिले: जेवताना, चुलतभावाबरोबर, वाढदिवसाच्या गर्दीत. असे व्हिडिओ काढताना "बघ, बघ इकडं" म्हणून त्याच्याकडून काही करवून घेऊ नका. जसं आहे तसं. पाच-पाच मिनिटंच हवेत.

आणि जिथं व्हिडिओ पुरत नाही तिथं पुरत नाही. फिट येत असतील, येत असलेले शब्द गेले असतील, चालण्यात किंवा वाढीत काही वेगळं वाटत असेल, तर प्रत्यक्षच दाखवा. "मला खात्री नाही, समोर बघायचंय" असं सांगणाऱ्या डॉक्टरवर जास्त विश्वास ठेवा. पुढं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं प्रमाणपत्र काढायचं, तर सरकारी रुग्णालयात मुलाला न्यावंच लागतं.

ओमचं निदान ऐकल्यावर आईचा पहिला प्रश्न ठरलेला: "मी फोन दिला म्हणून झालं का?" नाही. एके काळी मोठमोठे तज्ज्ञही आईच्या थंडपणाला दोष देत. तो समज कधीच मोडीत निघाला. फोन कमी कराच, त्यानं खेळायला वेळ मिळतो. पण "फोन बंद करून सहा महिने बघू" म्हणत थांबू नका. थेरपी निदानाच्या शिक्क्याची वाट न पाहताही सुरू होते. अनेक जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठी डीईआयसी, म्हणजे वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, तिथं चौकशी करा.

आजी इतका वेळ दारात उभ्या होत्या. "ह्याचा बापबी साडेतीन वर्षांचा होस्तवर बोलला नव्हता," त्या म्हणाल्या. हेही मी घराघरात ऐकते, आणि ते हसण्यावारी नेत नाही. मी विचारलं, "बोलत नव्हते तेव्हा मागायचे कसे, आजी?" उशिरा बोलणारं मूल शब्दांची कसर भरून काढतं. बोट दाखवतं, पदर ओढतं, डोळ्यांनी विनवतं, रुसतं. शब्द नाहीत हे सगळ्यांना दिसतं; शब्दांच्या जागी काय आहे, ते बघायचं.

आजींनी विचार केला. लेकाकडं पाहिलं. तो पाट उचलून ठेवत होता, मान वर केली नाही.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "मग ह्याचंबी एकदा बघून घ्या की फोनवर."