नेटवरची माहिती विश्वासार्ह आहे का, हे पटकन कसं ओळखायचं?

साइट चकाचक आहे, पत्ता 'डॉट ऑर्ग'ने संपतो, मग विश्वास ठेवायला हरकत नाही ना, असं तुम्ही विचारलंय. हरकत आहे. डॉट ऑर्ग पैसे भरले की कुणालाही मिळतं, आणि चकाचक साइट आजकाल तासाभरात उभी राहते.

मुख्य गोष्ट म्हणजे त्याच पानावर बसून ते पान तपासू नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली १० इतिहासकार, २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना काही साइट्स पारखायला दिल्या. पहिले दोन्ही गट बरेचदा पानावरच रेंगाळले, लोगो आणि नाव बघून फसले. तपासनीस मात्र लगेच नवीन टॅब उघडून 'ही मंडळी कोण, पैसा कुणाचा' हे बाहेरून शोधू लागले. कमी वाचूनही त्यांचाच निष्कर्ष जास्त बरोबर निघाला.

तेच वाक्य दहा ठिकाणी दिसलं म्हणजे दहा पुरावे झाले असंही नाही. बहुतेकदा एकाचं बाकीच्यांनी उचललेलं असतं, त्यामुळे मूळ गाठा. फोटो असेल तर तो फोटोच सर्चमध्ये टाकून बघा.

आणि हो, तारीख! सहा वर्षं जुनी बातमी ताजी समजून मी स्वतः पुढे पाठवली आहे. तीही दोनदा.