पेढे लवकर वाटू नकोस

प्रिय बाळ,

तुझा मेसेज परवा आला. इंग्लंडात लेस्टरमध्ये शनिवार मोकळा असतो, निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जायचंय, काय तयारी करू, असं विचारलंयस. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच टाकते. मी अशाच एका संस्थेत नऊ वर्षं जातेय आणि माझ्या हातून अजूनही चुका होतात. त्यातली एक आधी सांगते, कारण ती तुझ्याही हातून होणार.

२०२३ च्या हिवाळ्यात सुदानचा एक तरुण आमच्याकडे इंग्रजी शिकायला यायचा. आश्रयाच्या अर्जाच्या निकालाची वाट बघत वर्षभर सरकारने दिलेल्या हॉटेलच्या एका खोलीत, दोन अनोळखी माणसांबरोबर. नोकरी करायची परवानगी नाही. हातात आठवड्याला नऊ-दहा पौंड, कारण जेवण हॉटेलात मिळतं असा सरकारी हिशेब. (ते जेवण तू एकदा बघच.) एका शनिवारी तो पत्र घेऊन आला. आश्रय मंजूर! मला इतका आनंद झाला की पुढच्या शनिवारी बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून पेढे घेऊन गेले. त्याने एक उचलला, तोंडात न घालता हातातच धरून ठेवला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "आता मी झोपायचं कुठे?"

आम्हा बाहेरच्यांना वाटतं की कागद मिळाला म्हणजे सुटला. तिथेच तर खरी धावपळ सुरू होते. मंजुरी मिळाली की सरकारी निवारा आणि भत्ता बंद होतो, आणि त्याला तेव्हा मुदत होती २८ दिवसांची. पुढची मदत म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट, बेकार किंवा कमी कमाईच्या माणसाला सरकार देतं तो भत्ता. त्याचा पहिला हप्ता यायला पाच आठवडे लागतात, म्हणजे ३५ दिवस. वजाबाकी तूच करून बघ. आगाऊ रक्कम मिळते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात. शिवाय पैसे जमा व्हायला बँकेत खातं हवं. घरासाठी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे जावं, तर एकट्या, धडधाकट माणसाचा नंबर मुलंबाळं असलेल्यांच्या कितीतरी मागे. आणि आम्ही त्या २८ दिवसांतले सात पेढ्यांच्या आनंदात घालवले होते. ते पत्र शेवटपर्यंत कुणी वाचलंच नव्हतं. मीही नाही.

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये जाड मार्कर असतो. कुणाचंही पत्र आलं की आधी शेवटची तारीख शोधते आणि ती लिफाफ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते. मध्यंतरी ही मुदत ५६ दिवसांवर नेली होती, मग त्यातही फेरबदल झाले. म्हणून आकडे पाठ करू नकोस, त्या माणसाच्या हातातला कागद वाच. त्याच दिवशी कौन्सिलला कळवायचं, त्याच दिवशी क्रेडिटचा अर्ज भरायला बसवायचं. पेढे नंतर.

आता एक कायद्याची गोष्ट. कुणी तुला विचारेल, "मुलाखतीत काय सांगू? अपील करू का?" तुला उत्तर माहीत आहे असं वाटलं तरी देऊ नकोस. इथे १९९९ च्या कायद्याने नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे, संस्थेतर्फे फुकट दिला तरी. वकिलाची वेळ घेऊन देणं, त्याच्या ऑफिसपर्यंत सोबत जाणं, तिथे दोन तास ताटकळत बसणं, हे तुला करता येईल, आणि त्याचीच जास्त गरज असते. तसंच डॉक्टरकडे नाव नोंदवणं. इंग्लंडमध्ये त्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवावा लागत नाही, पण हे काउंटरवरच्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही. न चिडता पुन्हा सांगायचं.

तुझ्या हिंदीचा उपयोग होईल. पुष्कळ अफगाण लोकांना पाकिस्तानात राहून किंवा सिनेमे बघून बऱ्यापैकी उर्दू-हिंदी कळते, आणि तू दिसताच ते तुला दुभाषी करून टाकतील. चहा, बस, शाळेचा डबा इथपर्यंत खुशाल कर. डॉक्टर आणि वकील आले की प्रशिक्षित दुभाषीच मागायचा. आपण नाही का चुलत भावालाही नुसतं 'माझा भाऊ' म्हणत? तसंच तेही म्हणतात. तू इंग्रजीत सरळ 'ब्रदर' म्हटलंस, आणि अर्जात एक भाऊ असताना मुलाखतीत तीन झाले, की अधिकाऱ्याच्या लेखी तो माणूस खोटं बोलतो. घरातल्या मुलाला दुभाषी करणं तर त्याहून वाईट. आईचं दुखणं दहा वर्षांच्या पोराने का सांगावं?

आणि "तू इथे कसा आलास?" हा प्रश्न तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस. तुला कुतूहल असणार, मलाही होतं. पण ती गोष्ट त्यांनी आधीच सरकारी टेबलासमोर सांगितलेली असते. माझं माहेर कोल्हापूरकडचं, हे तुला ठाऊक आहे. जवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं, रशियातल्या हद्दपारीतून सुटून आलेली. माझी आजी छावणीत भाजी विकायला जायची. तिला सैबेरियाचं अवाक्षर माहीत नव्हतं. कुणाला बटाटे हवेत, कुणाचे पैसे राहिलेत आणि कुणाचं पोर तापलंय, एवढं मात्र तोंडपाठ.

तो सुदानी मुलगा दीड महिना एका मित्राच्या सोफ्यावर झोपला. आता गोदामात रात्रपाळी करतो. शनिवारी कधी येतो, चहात चार चमचे साखर घालतो आणि नव्या पोरांच्या लिफाफ्यांवर तारखा लिहून देतो. माझ्यापेक्षा त्याचं अक्षर बरं आहे.

डीबीएसच्या तपासणीला (आपल्या नावावर गुन्हा आहे का ते बघतात ती) वेळ लागतो, तेव्हा फॉर्म आजच भर. दर आठवड्याला जमणार नसेल तर पंधरवड्यातून एकदा सांग, पण सांगशील त्या दिवशी जा. पहिल्या दिवशी बहुधा कप धुवायला लावतील. आमच्याकडे येणार असशील तर सिंकचा गरम पाण्याचा नळ डावीकडचा आहे आणि तो एकदम उकळतं पाणी सोडतो, जपून.

तुझी,
काकू