ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधले सुरक्षेचे नियम चाहत्यांना एवढे का खुपतात?

खेळाडूंच्या डोक्याला इजा होऊ नये म्हणून एएफएलने, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने, केलेल्या नियमांवर तिथले चाहते एवढे का संतापतात, आणि संघनिवडीवरून होणारी त्यांची ओरड हा वेगळा विषय आहे का, असे आपण विचारले आहे. मी मेलबर्नमध्ये राहतो आणि कार्लटन या क्लबचा पाठीराखा आहे, त्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ आहे असे कृपया समजू नये. माझ्या मते हा एकच विषय आहे. मैदानावर काय करू नये एवढेच सांगणारा नियम चाहते एखाद-दोन हंगाम कुरकुर करून मान्य करतात. पुढच्या आठवड्याच्या संघातून माणूस काढून घेणारा नियम मात्र त्यांच्या पचनी पडत नाही.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. लंबगोल मैदानावर प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू एकाच वेळी खेळतात आणि ऑफसाइड हा प्रकार नसल्यामुळे धडक कोणत्याही दिशेने बसू शकते. काही मोजके खेळाडू मऊ हेल्मेट घालतात, पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही. साधारणपणे गुरुवारी संध्याकाळी संघ जाहीर होतात. त्या यादीत कोण आले, कोण गेले आणि कोणाच्या नावापुढे ‘दुखापत’ असे लिहिले आहे, याची चर्चा कार्यालयात, ट्राममध्ये आणि पबमध्ये प्रत्यक्ष सामन्याइतक्याच गांभीर्याने होते. निवडकर्त्यांना शिव्या घालणे हा इथला सार्वजनिक हक्क आहे.

जे नियम पचले, त्यांची दोन उदाहरणे देतो. रकमन, म्हणजे सुरुवातीचा चेंडू उडी मारून खेळणारे उंच खेळाडू, लांबून धावत येऊन एकमेकांवर आदळत आणि त्यांच्या गुडघ्यांचे अस्थिबंध तुटत; म्हणून २००५ मध्ये मैदानाच्या मध्यभागी १० मीटरचे बाहेरचे वर्तुळ आखून त्यांची धाव मर्यादित करण्यात आली. २०१२ मध्ये सिडनीच्या गॅरी रोहनचा पाय घसरत आलेल्या प्रतिस्पर्ध्याखाली मोडला, आणि पुढच्या हंगामापासून गुडघ्याखाली जोराने आदळण्यावर बंदी आली. चेंडूवर धाडसाने झेप घेणाऱ्यालाच आता शिक्षा होणार, अशी टीका दुसऱ्या नियमावर झाली होती. आज ते वर्तुळ खेळाचा भागच वाटते आणि घसरण्याबद्दलची फ्री किक दिली गेली तर प्रेक्षक पंचांवर चिडतात, नियमावर नाही.

आता न पचलेल्या नियमांकडे वळू. ७ सप्टेंबर २०२३ रोजी एमसीजीवर कॉलिंगवूड आणि मेलबर्न या क्लबांत क्वालिफाइंग फायनल झाली, म्हणजे हंगामाअखेरच्या ‘फायनल्स’ मालिकेतला सुरुवातीचा सामना. मेलबर्नचा अँगस ब्रेशॉ किक मारत असताना ती अडवण्यासाठी कॉलिंगवूडच्या ब्रेडन मेनार्डने हवेत उडी घेतली, चेंडू निसटला, मेनार्ड पुढे जात राहिला आणि त्याचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर आदळला. ब्रेशॉ जागेवर बेशुद्ध झाला. सामन्यांतील गैरवर्तन तपासणाऱ्या अधिकाऱ्याला यात गुन्हा दिसला नव्हता. तरीही एएफएलच्या फुटबॉल विभागाच्या तेव्हाच्या प्रमुख लॉरा केन यांनी प्रकरण ट्रायब्यूनलपुढे, म्हणजे लीगच्या शिस्तविषयक न्यायमंडळापुढे, पाठवले. आरोप सिद्ध झाला असता तर किमान तीन सामन्यांची बंदी होती, आणि कॉलिंगवूडचे जास्तीत जास्त दोनच सामने उरले होते, प्रिलिमिनरी फायनल (उपांत्य सामना) आणि ग्रँड फायनल (अंतिम सामना). म्हणजे सुनावणी नावाला मेनार्डच्या वर्तनाची होती, आणि शहराच्या दृष्टीने ती कॉलिंगवूडच्या संघनिवडीची बैठक होती. उडी मारलेला माणूस हवेत दिशा बदलू शकतो का, यावर बायोमेकॅनिक्सच्या तज्ज्ञाची साक्ष झाली. मेनार्ड निर्दोष ठरला, ग्रँड फायनल खेळला आणि कॉलिंगवूडने ब्रिस्बेनवर अवघ्या चार गुणांनी विजय मिळवला. ब्रेशॉ पुन्हा कधीही खेळला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, वैद्यकीय सल्ल्यानुसार तो निवृत्त झाला.

त्यानंतर २०२४ च्या हंगामासाठी नियम बदलला: किक अडवण्यासाठी जमीन सोडून उडी घेणाऱ्याची धडक प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला बसली, तर बहुतेक प्रसंगी ती निष्काळजी मानली जाईल. कॉलिंगवूडच्या चाहत्यांच्या मते हा बदल म्हणजे मेनार्ड त्या वेळी निर्दोष होता याची कबुली आहे, आणि मेलबर्नच्या चाहत्यांच्या मते तो दोषी होता याची. मला यात दोघांचेही थोडे खरे वाटते.

माझ्या स्वतःच्या क्लबचे उदाहरण टाळणे योग्य होणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कार्लटनचा कर्णधार पॅट्रिक क्रिप्स याच्या धडकेने ब्रिस्बेनच्या कॅलम आ चीला कन्कशन झाले, म्हणजे त्याच्या मेंदूला हादरा बसला. क्रिप्सवर दोन सामन्यांची बंदी आली, ट्रायब्यूनलने ती कायम ठेवली आणि अपील मंडळाने कायदेशीर मुद्द्यांवर ती रद्द केली. हंगामाचे दोनच सामने उरले होते. क्रिप्स दोन्ही खेळला, कार्लटन दोन्ही हरले, एक पाच गुणांनी आणि दुसरा एका गुणाने, आणि फायनल्स हुकल्या. बंदी झालेला खेळाडू हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या ब्राउनलो पदकाला अपात्र ठरतो, तरी त्या वर्षीचे पदक क्रिप्सलाच मिळाले. त्या आठवड्यात आमच्यापैकी कोणालाही आ चीच्या डोक्याची विशेष चिंता असल्याचे मला आठवत नाही. तोच निकाल कॉलिंगवूडच्या बाजूने लागला असता तर आम्ही एएफएलच्या कार्यालयावर मोर्चा नेला असता. २०१७ मध्ये रिचमंडचा कर्णधार ट्रेंट कॉचिन प्रिलिमिनरी फायनलमधील अशाच एका धडकेनंतर ग्रँड फायनलला मोकळा राहिला आणि रिचमंडने १९८० नंतरचे पहिले विजेतेपद जिंकले. एरवी कोणत्याही विषयावर एकमत न होणाऱ्या इतर क्लबांच्या चाहत्यांचे त्या एका निर्णयाविषयी आजही एकमत आहे.

मात्र या सगळ्याला आंधळा पक्षपात म्हणून सोडून देणे मला मान्य नाही, कारण चाहत्यांच्या तक्रारीत एक रास्त मुद्दा आहे. शिक्षा ठरवताना कृती जाणूनबुजून होती की निष्काळजी, धडक डोक्याला बसली की शरीराला, आणि तिचा परिणाम किती गंभीर होता, या तिन्ही गोष्टी पाहिल्या जातात. या तिसऱ्या कसोटीमुळे एकसारखी कृती करणाऱ्या दोन खेळाडूंपैकी ज्याचा प्रतिस्पर्धी उठून धावू लागला तो दंडावर सुटतो आणि ज्याचा प्रतिस्पर्धी पडून राहिला तो महिनाभर बाहेर बसतो. धोकादायक कृती थांबवायची असेल तर शिक्षा कृतीला हवी. परिणामाला दिली की खेळाडू धडा न घेता नशिबाला दोष देतो, आणि चाहतेही.

दुसरा वाद १२ दिवसांचा. २०२१ पासून कन्कशन झालेला खेळाडू बाराव्या दिवसाच्या आधी परतू शकत नाही, म्हणजे पुढचा सामना जवळजवळ नक्कीच हुकतो. प्रिलिमिनरी फायनल आणि ग्रँड फायनल यांच्यात फक्त एका आठवड्याचे अंतर असल्यामुळे प्रिलिमिनरी फायनलमध्ये कन्कशन झालेल्याचा हंगाम तिथेच संपतो. मैदानावर खेळाडूला तपासणारा डॉक्टर क्लबचा असतो, त्यामुळे त्याच्या निदानावर संघाची यादी अवलंबून असते. जुलै २०२३ मध्ये ‘शोडाऊन’मध्ये, म्हणजे ॲडलेड शहरातल्या दोन क्लबांमधल्या सामन्यात, पोर्ट ॲडलेडचे आलिर आलिर आणि लॅकी जोन्स हे सहकारीच एकमेकांवर आदळले. जोन्सला बाहेर काढण्यात आले, पण आलिर सक्तीची कन्कशन चाचणी न होताच परत खेळायला आला. क्लबला १,००,००० डॉलरचा दंड झाला, त्यातला निम्मा स्थगित ठेवून. वाईट हेतू होता असे मी म्हणणार नाही. चुरशीच्या सामन्यात निर्णय घेणाऱ्याचा पगार कोण देतो हे महत्त्वाचे ठरते, एवढेच म्हणतो.

बदली खेळाडूबद्दलचा संशय मराठी वाचकांना समजावून सांगण्याची गरज नसावी. २०२१ मध्ये एएफएलने दुखापतग्रस्ताच्या जागी खेळण्यासाठी वैद्यकीय बदली खेळाडू आणला, आणि दमलेला माणूस ‘दुखापतग्रस्त’ दाखवला जातो अशी कुजबुज लगेच सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर शिवम दुबेच्या जागी कन्कशन बदली म्हणून हर्षित राणा उतरला, त्याने तीन बळी घेतले आणि इंग्लंडच्या जोस बटलरने नाराजी व्यक्त केली; त्या रात्री दोन्ही बाजूंचे जे युक्तिवाद आपण ऐकले असतील, तेच इथे दर आठवड्याला होत असत. शेवटी २०२३ मध्ये कारण विचारणेच बंद झाले आणि बदली डावपेचासाठीही खुली झाली.

जोखीम पत्करून केलेल्या निवडीबद्दल मात्र चाहत्यांचे मत सरळ निकालावरून ठरते. २०२४ च्या ग्रँड फायनलमध्ये सिडनीने घोट्याची दुखापत असलेल्या लोगन मॅकडॉनल्डला खेळवले, त्याला मध्येच बाहेर काढावे लागले, संघ ६० गुणांनी हरला आणि निवडकर्त्यांची यथेच्छ निंदा झाली. पुढच्याच वर्षी ब्रिस्बेनने पोटरीच्या दुखापतीतून सावरणाऱ्या लॅकी नीलला बदली खेळाडू म्हणून ठेवले, त्याने उतरून गोलही केला, संघ जिंकला आणि ती निवड चाणाक्ष ठरली.

एएफएल हे सारे वकिलांच्या भीतीने करते, हा आरोपही आपल्या कानावर आला असेल. २०२३ मध्ये माजी खेळाडूंनी व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला आहे, तेव्हा भीती निराधार नाही. पण त्या भीतीमागे प्रत्यक्ष माणसे आहेत: पॉली फार्मर, डॅनी फ्रॉली, शेन टक आणि महिला लीगमधील हेदर अँडरसन या माजी खेळाडूंच्या मेंदूंत मृत्यूनंतर सीटीई हा डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांशी जोडला जाणारा आजार आढळला. टकच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने (मृत्यूचे कारण तपासणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याने) सरावातील धडकांवर मर्यादा घालण्याची शिफारस केली. ती अमलात आली तर चाहते तक्रार करतील असे मला वाटत नाही, कारण मंगळवारच्या सरावात कोण कोणावर आदळले नाही याने शनिवारच्या यादीत फरक पडत नाही. हौशी क्लबांत तर कन्कशननंतर परतण्यासाठी किमान २१ दिवस थांबावे लागते, आणि त्याविरुद्ध कोणी भांडताना मी पाहिलेले नाही.

मला विचाराल तर दोन गोष्टी हव्यात. मैदानावर खेळाडूची चाचणी घेणारा डॉक्टर क्लबच्या पगारावर नसावा. प्रिलिमिनरी आणि ग्रँड फायनल यांच्यात दोन आठवड्यांचे अंतर असावे, म्हणजे बारा दिवस पाळूनही शेवटच्या सामन्याचे दार पूर्ण बंद होणार नाही आणि लक्षणे लपवण्याचा मोह कमी होईल. दुसऱ्या मागणीला चाहत्यांचा पाठिंबा मिळेल, फक्त तो संघाच्या यादीसाठी असेल. कारण कोणतेही असले तरी मला तो चालेल, मात्र पहिली मागणी आधी मान्य झालेली असावी.