आजोबांचा वस्तरा सापडलाय, त्याने स्वतःची दाढी करायला शिकता येईल का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या पेटीत जुना वस्तरा सापडला, वय २६ आहे, तीन-चार पात्यांच्या रेझरने मानेवर सारखं पुरळ उठतं, आणि शिकवणारं कोणी नाही. वस्तऱ्याने दाढी शिकता येते, नक्की येते. फक्त क्रम चुकवू नका: आधी वस्तऱ्याची धार, मग चामोटा, म्हणजे धार राखायचा पट्टा, आणि सगळ्यात शेवटी गाल. बहुतेक जण थेट गालापासून सुरुवात करतात, दोनदा चिरून घेतात आणि वस्तरा परत पेटीत ठेवतात.

आमचं घर न्हाव्याचं. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तरुणपणी वाईजवळच्या गावांत धोकटी घेऊन घरोघर जायचे. पुढे त्यांनी वाईतच दोन खुर्च्यांचं दुकान टाकलं. मी नोकरीच्या मागे गेलो आणि दुकान धाकट्या भावाने सांभाळलं. वस्तरा हातात धरायला मी ३४ व्या वर्षी शिकलो, अण्णांकडूनच. पहिला महिनाभर त्यांनी तो माझ्या तोंडाला लागू दिला नाही. रोज संध्याकाळी चामोट्यावर शंभर हात, बस्स. तेव्हा मला ते फार वाटलं होतं. आज कोणी विचारलं तर मीही तेच सांगतो.

आधी आजोबांचा वस्तरा नीट बघा. उजेडात धरून धारेच्या अगदी कडेवर नजर फिरवा. पात्याच्या मधल्या भागावर काळे डाग असतील तर हरकत नाही, तो नुसता वयाचा रंग आहे. पण गंज धारेपर्यंत पोचून तिथे खड्डे पडले असतील, किंवा कडेपासून वर जाणारी केसाएवढी जरी चीर दिसली, तरी तो वस्तरा आठवण म्हणून ठेवा, दाढीला वापरू नका. पात्याच्या मुळाशी, दस्त्याजवळ, काही कोरलेलं असतं ते भिंगाने वाचा. जर्मनीतलं सोलिंगेन आणि इंग्लंडमधलं शेफील्ड ही पोलादाची जुनी गावं. त्यांपैकी एकाचं नाव असेल तर पोलाद चांगलं असण्याची शक्यता मोठी. अण्णांचा वस्तरा सोलिंगेनचाच आहे आणि अजून धार धरतो. साफ करताना साबणाचं कोमट पाणी आणि नंतर स्पिरिटचा बोळा पुरे. उकळत्या पाण्यात टाकू नका. दस्ता शिंगाचा असला तर वाकतो.

आता धार. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. वर्षानुवर्षं पेटीत पडलेल्या वस्तऱ्याला दाढीची धार नसते, बोटाला कितीही तीक्ष्ण लागला तरी नसते. आणि बोथट वस्तरा जास्त कापतो, कारण केस तुटत नाही म्हणून आपण जोर लावतो आणि जोर लावला की कातडी जाते. दारावरून सायकलला चाक लावून फिरणारा धारवाला येतो ना, त्याच्याकडे हा वस्तरा कृपा करून देऊ नका. विळी-सुरीसाठी त्याचं काम चोख असतं, पण वस्तऱ्याचं पातं इतकं पातळ असतं की फिरत्या दगडावर ते क्षणात तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा कडकपणा जातो. एकदा पाणी उतरलं की तो वस्तरा पुन्हा धार धरत नाही.

वस्तऱ्याला धार लावायची ती निसण्यावर, म्हणजे धारेच्या सपाट दगडावर, हाताने, पाणी लावून. वस्तऱ्याची पाठ जाड ठेवलेली असते त्याला कारण आहे: पातं निसण्यावर सपाट ठेवलं की पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकतात, आणि पाठीच्या जाडीनेच धारेचा कोन ठरतो. म्हणून पाठ कधी उचलायची नाही. खडबडीत दगडावरून, म्हणजे १००० नंबरपासून, ४०००, ८००० करत १२००० पर्यंत जातात. हे शिकायला वेळ लागतो आणि चुकलं तर पात्याची झीज भरून येत नाही, म्हणून पहिलं वर्ष हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या. तुमच्या गावातल्या जुन्या सलूनमध्ये जाऊन सत्तरीच्या पुढच्या कोणा काकांना विचारा, "काका, तुमच्याकडे निसणा आहे का अजून?" असेल तर त्यांच्या शेजारी बसून बघा. आमच्या धंद्यातल्या त्या पिढीला हे विचारणारं आता कोणी भेटत नाही, ते मनापासून दाखवतील. चांगली लावलेली धार एका माणसाच्या दाढीला काही महिने सहज पुरते, पण रोज चामोटा केला तरच.

चामोटा म्हणजे चामड्याचा लांब पट्टा, बहुतेक वेळा मागे जाड कापडाचा दुसरा पट्टा जोडलेला. एक टोक खुंटीला, दुसरं डाव्या हातात ताणून धरायचं. झोळ पडू द्यायचा नाही. पट्टा ढिला राहिला की धार गोल होते. वस्तरा सपाट ठेवायचा आणि पाठ पुढे, धार मागे अशी ओढायची. टोकाला पोचल्यावर वस्तरा उलटवायचा तो पाठीवर, धारेवर कधीच नाही. निसण्यावर धार पुढे जाते, चामोट्यावर पाठ पुढे जाते, एवढं डोक्यात पक्कं बसवा. आधी कापडावर पंचवीस-तीस हात, मग चामड्यावर पन्नास-साठ. दाब शून्य, नुसतं वस्तऱ्याचं वजन. सुरुवातीला वेग अजिबात नको. दुकानात होणारा तो सटासट आवाज वीस वर्षांच्या सरावाचा आहे. माझ्या पहिल्या आठवड्यातच वळवताना मनगट चुकलं आणि अण्णांच्या चामोट्याला बोटभर चीर पडली. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी एक जुना पट्टा आणून दिला. तुम्हीही पहिला चामोटा स्वस्तातला घ्या.

धार आली की नाही हे अंगठ्याने बघू नका. हाताच्या लवेवर, कातडीला न टेकवता, दोन-तीन मिलिमीटर वरून वस्तरा सरकवा. केसांची टोकं आपोआप तुटून पडली तर दाढी करायला हरकत नाही.

वस्तरा तयार होईपर्यंत एक काम करा. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोटं फिरवून केस कुठल्या दिशेने उगवतात ते बघा. ज्या दिशेला हात गुळगुळीत सरकतो ती सुलट, जिकडे खरखरतं ती उलट. गालांवर बहुतेकांचे केस खाली जातात. मानेवर मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी: काहींचे वर जातात, काहींचे आडवे, काहींचा घाटीच्या बाजूला भोवराच असतो. तुमच्या पुरळाचं मूळ इथे असण्याची दाट शक्यता आहे. बहुपाती रेझरमध्ये पहिलं पातं केस ओढून धरतं आणि मागचं पातं तो कातडीच्या पातळीखाली कापतं. मग केस परत येताना कातडीत वळतो आणि फोड उठतो. त्यात मानेवर उलटा हात मारला की आणखीच. वस्तऱ्याला एकच धार, केस कातडीच्या पातळीवर तुटतो. पण वस्तऱ्यानेही मानेवर उलटा हात मारलात तर पुरळ पुन्हा येणारच, हे आधीच सांगून ठेवतो. फोडांत पू धरत असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, दाढी नंतर.

दाढीच्या दिवशी आंघोळ आधी करा, किंवा गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटं गालांवर धरा. भिजलेला केस मऊ होतो, कोरडा केस तारेसारखा लागतो. ब्रश भिजवून साबणावर मिनिटभर फिरवा आणि फेस दह्यासारखा घट्ट पण ओला ठेवा. हवेने फुगलेला, कोरडा फेस दिसायला छान असतो, पण वस्तरा त्यावर अडकतो. तोंडावर फेस वाळायला लागला की पुन्हा ब्रश फिरवा, आळस करू नका.

धरायचं असं: पहिली तीन बोटं पात्याच्या मुळावर वरून, अंगठा खालून, करंगळी पात्याच्या मागे निघालेल्या शेपटीच्या खाचेवर, दस्ता वर उघडा. गालाशी साधारण ३० अंशांचा कोन हवा. अंदाज असा, की पाठ आणि कातडी यांच्यामध्ये पाठीच्या जाडीच्या दुप्पट फट दिसली पाहिजे. कोन वाढला की वस्तरा खरडतो, फारच कमी झाला की केस ओढतो. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरा; अर्धी दाढी त्या दुसऱ्या हाताची आहे, हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. हात लहान, इंच-दीड इंचाचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: वस्तरा नेहमी धारेच्या काटकोनात पुढे जायला हवा. कांदा चिरताना सुरी जशी लांबीत सरकते तसा वस्तरा तसूभर जरी आडवा सरकला, तरी कातडी उघडते. खोल कापण्याचं मुख्य कारण हेच, आणि ते बहुतेक वेळा कानाजवळ किंवा हनुवटीवर घडतं, जिथे आपण घाईने कोपरा घेतो.

पहिले दोन आठवडे फक्त गाल करा. कल्ल्यापासून जबड्याच्या हाडापर्यंत, सुलटा हात, एकदाच. बाकीची दाढी तुमच्या नेहमीच्या रेझरने. विचित्र वाटेल, पण याने भीती जाते आणि कोनाची सवय होते. मग जबड्याखालची मान घ्या, मान वर करून, कातडी खाली ओढून. हनुवटी आणि वरचा ओठ महिन्याभराने. तिथे केस दाट, हाड वाकडं आणि कातडी ताणायला जागा नसते. ओठ दातांवर आत ओढून घ्या, हनुवटी बाजूने घ्या. आडवा हात, म्हणजे केसांच्या दिशेला आडवा, दोनेक महिन्यांनी. उलटा हात तुमच्या मानेला कधीच नको, गालांना हवा असेल तर चार-सहा महिन्यांनी.

डाव्या गालासाठी डावा हात वापरायला शिका. मी शिकलो नाही म्हणून अजून उजवा हात तोंडापुढून नेतो आणि आरशात मला माझाच गाल दिसत नाही. दुकानात नव्या पोरांना फुग्यावर फेस लावून वस्तरा फिरवायला देतात. तुम्हीही डाव्या हाताचा सराव फुग्यावर करा. फुगा फुटला की जोर लागला हे लगेच कळतं. दुसऱ्याची दाढी करणं आणि स्वतःची करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हेही लक्षात असू द्या. अण्णांनी हजारो दाढ्या केल्या, पण स्वतःची ते कितीतरी वर्षं शेजारच्या दुकानात करून घ्यायचे आणि त्या काकांची हे करायचे.

चिरलंच तर थंड पाणी, मग तुरटीचा ओला खडा दाबून धरा. शेवटी सगळ्या तोंडावर तुरटी फिरवा. जिथे झोंबेल तिथे तुमचा हात जड पडला, दुसऱ्या दिवशी तिथे हलका ठेवा. वस्तरा हातातून निसटला तर पकडायला जाऊ नका, पाय मागे घ्या आणि पडू द्या. बेसिनच्या नळाला धार लागली तर तिचा टवका उडतो, म्हणून धुताना नळापासून लांब धरा. घरात लहान मूल असेल तर जागा कुलपाची हवी. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील तर हा नाद करू नका.

झाल्यावर मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, पूर्ण कोरडा करा, दस्ता थोडा वेळ उघडा ठेवा. जुन्या पोलादाला गंज रात्रीत चढतो. पावसाळ्यात वाईला आम्ही पात्यावर तेलाचं एक बोट फिरवून ठेवतो. कोकणात राहत असाल तर बाराही महिने करा.

राहिला प्रश्न सलूनमधल्या अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याचा. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये आढळले आणि पुढच्या काळात जागृती वाढली तशी दुकानांतून निसण्यावरचे वस्तरे गेले, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड आलं. ते योग्यच झालं. कावीळ ब सुद्धा याच वाटेने पसरते, म्हणून तुमचा वस्तरा भावालाही देऊ नका. अर्ध्या ब्लेडला चामोटा लागत नाही, निसणा लागत नाही, खर्च दोन-चार रुपये. त्यामुळे नवशिक्याला तोच सोपा असं लोक सांगतात. मला तसं वाटत नाही. तो हलका असतो, त्याची धार कडक असते आणि कोपरे टोकदार, चूक झाली की लगेच दाखवतो. आजोबांच्या वस्तऱ्याला वजन आहे, तो स्वतःच्या वजनाने चालतो, हाताला शिकवतो. तो धड असेल तर त्यावरच शिका. धारेत खड्डे निघाले तरच अर्ध्या ब्लेडकडे वळा, आणि मग वर सांगितलेल्या दोन आठवड्यांच्या जागी चार धरा.

आज रात्री भिंग घेऊन बसा. पात्याच्या मुळाशी काय कोरलंय आणि धारेच्या कडेला काळे ठिपके आहेत की नाहीत, एवढं मला कळवा. निसण्याला देण्याजोगा आहे का ते त्यावरून सांगता येईल.